स्कार्फच्या कडा वळतात, काठ कोणता घालू?

लोकरवेडी:
एक सुई (म्हणजे सुईवरचे सगळे टाके एकदा विणून) सुलट, एक सुई उलट अशा साध्या विणीचा स्कार्फ घेतलाय. ४ मिमीच्या सुया, ४४ टाके. रंग बदलत जाणारी लोकर आहे, म्हणून नक्षी मुद्दामच नको होती. पण दोन्ही बाजूच्या कडा मागे वळतात आणि खालची कड पुढे. वेगळ्या तुकड्यांवर काठ करून बघतेय. प्रत्येक सुईचा पहिला टाका न विणता उचलला, तर कडेला सुरेख साखळी दिसते, वळणं मात्र तसंच. दोन्हीकडे तीन-तीन टाके कायम सुलट ठेवले, तर वळणं कमी होतं, पण काठ आखडतो आणि मधला भाग फुगतो. क्रोशाने मुक्या खांबांची (आखूड टाक्यांची) ओळ घातली, तर कडेला लाटा येतात. ती साखळीची कड मला फार आवडलीय. ती ठेवून स्कार्फ सपाट राहील का?

रेशीमगाठ:
खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टाचण्या लावून सपाट वाळवा. खूप फरक पडतो.

उलटसुलट:
फरक पडतो, पण साध्या विणीचं वळणं पाण्याने कायमचं जात नाही, वापरात ते परत येतं. लोकर ॲक्रिलिक असेल तर नुसत्या पाण्याने तेवढंही होत नाही. आणि त्यावर इस्त्री टेकवू नका, टाके कायमचे लुळे पडतात.

साध्या विणीत सगळे सुलट टाके एका अंगाला आणि सगळे उलट दुसऱ्या अंगाला येतात, म्हणून ताण एकतर्फी होतो आणि कापड वळतं. पहिला टाका उचलल्याने फक्त कड नीटनेटकी होते, हा ताण हलत नाही. दोन्ही अंगांना सुलट-उलट सारखे आले की कापड आपोआप सपाट पडतं.

तुमचा दुसरा तुकडा माझ्या मते योग्य वाटेवर आहे. ४४ टाक्यांना तीनचा काठ पुरत नाही, सहा तरी घ्या. आखडण्याचं कारण वेगळं आहे. सगळ्या सुया सुलट विणल्या की ओळी एकमेकींवर दबून बसतात, त्यामुळे तेवढ्याच सुयांत काठाची उंची मधल्या भागापेक्षा कमी भरते. म्हणून दर आठ-दहा सुयांनंतर सुरुवातीचे सहा टाके विणा, पुढच्या टाक्याभोवती लोकर गुंडाळून वळा, तेच सहा परत विणा आणि मग पूर्ण सुई करा. पुढच्या सुईला दुसऱ्या काठाचंही तसंच. किती सुयांनी करायचं ते हाताच्या ताणावर ठरतं, तुकड्यावरच बघा.

पण साखळी एवढी आवडली असेल तर मी मधली वीणच बदलेन, सगळा स्कार्फ सुलट सुयांचा. उचललेला टाका दोन सुयांची उंची एकटा पेलतो. साध्या विणीत त्याला ताणावं लागतं. सुलट विणीत दोन सुया मिळून एकच उठावाची ओळ होते, त्यामुळे साखळीचा एक दुवा आणि एक ओळ अगदी बरोबर जुळतात. लोकर पुढे ठेवून, उलट टाक्यासाठी घालतो तशी सुई घालून पहिला टाका उचला, लोकर मागे न्या, बाकी सगळे सुलट.

ह्याच विणीवर आय-कॉर्डचा काठ तर अप्रतिम बसतो. प्रत्येक सुईला शेवटचे तीन टाके राहेपर्यंत विणा, लोकर पुढे आणा, ते तीन न विणता उचला, वळा आणि तेच तीन सुलट विणून पुढे चला. कडेला गोल दोरी तयार होते, दोन्ही अंगांनी सारखी. गळ्यात स्कार्फची मागची बाजूही दिसतेच, म्हणून मला हा काठ सगळ्यांत जवळचा.

साखळीखांब:
क्रोशाच्या लाटांबद्दल. खांब जास्त झालेत. साध्या विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून लांब कडेवर दर चार सुयांना तीनच मुके खांब घाला, चौथी सुई सोडा. कड आत ओढली जात असेल तर खांब कमी पडलेत. वळणं एका ओळीने थांबणार नाही, तीन-चार ओळींचा काठ लागेल.

लोकरवेडी:
सुलट विणीचा तुकडा साखळी घालून विणला. टेबलावर अगदी सपाट पडलाय आणि रंगही छान मिसळतात! आता आय-कॉर्ड बघते. त्यासाठी टाके जास्त घालायचे का? आणि शेवट कसा करू?

उलटसुलट:
दोरी आत वळते, म्हणून रुंदी तेवढीच हवी असेल तर चार टाके वाढवा. टाके बंद करताना उजव्या हातात एक नंबर मोठी सुई घ्या, नाहीतर शेवटची कड सुरुवातीपेक्षा अरुंद होते.