मदत हवी आहे : गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत वाक्य आटोपशीर ठेवून अर्थ नेमका कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका छोट्या जाहिरात संस्थेत मराठी मजकूर लिहिते. काम बहुतेक बिल्डरांचं : होर्डिंग, पेपरातल्या जाहिराती, साइट ऑफिसात देतात ती ब्रोशरं. सध्या पुनावळ्यातल्या एका प्रकल्पाचं ब्रोशर हातात आहे आणि काही वाक्यांवरून क्लायंटशी माझं जमत नाहीये. त्यांचं म्हणणं, "मॅडम, व्याकरण कोण बघतं? भाव आणि फोन नंबर मोठा दिसला की झालं." पण माणूस वीस-वीस वर्षांचं कर्ज काढून जे घर घेतो, त्याबद्दलचं वाक्य दोन अर्थांचं असणं मला अजिबात मान्य नाही. म्हणून इथे विचारते आहे.

पहिलं वाक्य असं : "महामार्गापासून ५ मिनिटांवर असलेल्या पुनावळ्यातील प्रशस्त घरे". पाच मिनिटांवर काय आहे, पुनावळे की घरं? गाव महामार्गाला लागूनच आहे, त्यामुळे गावाबद्दल वाक्य खरं. इमारत मात्र बरीच आत आहे. आणि अंडरपासची संध्याकाळची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, ते या पाच मिनिटांवर विश्वास ठेवणारच नाहीत.

दुसरं : "पहिल्या २५ ग्राहकांना मॉड्युलर किचन, मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क माफ". किचन 'माफ' कसं होणार? क्रियापद एकच, आणि ते तिघांपैकी दोघांनाच लागू पडतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे वाक्याला कर्ता नाही. मुद्रांक शुल्क सरकारचं, ते बिल्डर माफ करू शकत नाही, फार तर ग्राहकाच्या वतीने भरू शकतो. वाचणाऱ्याला वाटेल सरकारनेच सूट दिली. नोंदणी शुल्काला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, मुद्रांक शुल्क मात्र लाखांत जातं. तेव्हा कोण काय भरणार हे वाक्यातच दिसायला हवं.

तिसरं मला सगळ्यात जास्त खटकतं : "प्रकल्पालगत शाळा, रुग्णालय आणि २४ मीटर डीपी रस्ता". शाळा आहे, रुग्णालयाचं बांधकाम चालू आहे, रस्ता अजून विकास आराखड्याच्या (डीपीच्या) नकाशातच. जाहिरातीत आपण क्रियापद गाळतो आणि त्याबरोबर काळही गळून जातो. 'आहे' आणि 'होणार आहे' यांतला फरक ग्राहकाला ताबा घेतल्यावर कळतो.

चौथं, "७५० चौ. फूट कार्पेट, बाल्कनीसह". कार्पेट म्हणजे घराच्या आतलं वापरण्याजोगं क्षेत्रफळ. बाल्कनी ७५० मध्ये धरली आहे की वरची? २०१६ च्या रेरा कायद्यातल्या (घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणारा कायदा) व्याख्येप्रमाणे फ्लॅटची स्वतःची बाल्कनी कार्पेटमध्ये येत नाही, आतल्या भिंती येतात. म्हणजे हे एक 'सह' कायद्याच्याही आड येतं.

बाकी 'सदनिकां मध्ये', 'पुण्या पासून' असे तुटलेले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मी मुकाट्याने जोडून घेते. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांवरून त्याबद्दल वाद होत नाही.

तर माझे प्रश्न : ही वाक्यं तुम्ही कशी लिहाल? होर्डिंगवर जेमतेम आठ-दहा शब्दांची जागा मिळते. आणि क्लायंटला हे पटवायचं कसं?

मुद्रितशोधक_सदाशिव
ताई, नेमकं लिहिलं की वाक्य लांबतं असं नाही. बहुतेक वेळा एका वाक्याची दोन करावी लागतात, एवढंच. "पुनावळ्यात प्रशस्त घरे. प्रकल्पाच्या फाटकापासून महामार्ग अमुक किलोमीटर." शब्द जवळपास तेवढेच आणि विशेषण ज्याचं त्याच्या शेजारी बसलं. मिनिटं लिहूच नका, किलोमीटर मोजून घ्या. सवलतीचं : "पहिल्या २५ ग्राहकांना मॉड्युलर किचन मोफत. त्यांचे मुद्रांक व नोंदणी शुल्क आम्ही भरू." त्यातलं 'त्यांचे' काढू नका, नाहीतर सव्विसावा ग्राहकही शुल्क मागायला येईल, आणि त्याचं चूक नसेल. कार्पेटचे दोन आकडे वेगळे द्या : "कार्पेट ६८० चौ. फूट. बाल्कनी ७० चौ. फूट वेगळी." आकडे अर्थातच नकाशावरून घ्या.

रावेतकर
मी साइटवर सेल्समध्ये आहे. क्लायंटला व्याकरण म्हणून सांगू नका, पैसे म्हणून सांगा. 'बाल्कनीसह'वरून आमच्याकडे टेबलावर नेहमी वाद होतात आणि बुकिंगला आलेलं कुटुंब उठून जातं. शिवाय रेरा कायद्याचं कलम १२ दाखवा. जाहिरातीतल्या चुकीच्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. त्याला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत. ताब्याची तारीखही महारेराच्या (या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरच्या पूर्णतेच्या तारखेशी ताडून बघा. 'ताबा डिसेंबर' एवढंच लिहू नका, 'पर्यंत' की 'पासून' ते लिहा. नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता असतोच, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. त्याची जागा आधी सोडा, मग शब्द मोजा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. 'त्यांचे' माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कलम १२ चा उतारा क्लायंटला पाठवला आहे आणि कार्पेटचे आकडे वेगळे द्यायला ते तयार झाले. अडलंय ते रस्त्यावर. मी सुचवलं, "शाळा लगत. रुग्णालयाचे बांधकाम सुरू. २४ मीटर डीपी रस्ता नियोजित." त्यांना 'नियोजित' नको आहे, त्याने जाहिरात मिळमिळीत होते म्हणतात. तो शब्द मी गाळणार नाही. पण रस्ता अजून झालेला नाही हे स्पष्ट राहील आणि ओळही जोरकस वाटेल, अशी रचना कुणाला सुचते का? ब्रोशर शुक्रवारी छपाईला जातंय.