शब्दचर्चा : 'रे-फिन्ड' मासे म्हणजे किरणपरी की आरपरी?

प्रश्न : भाषांतरात 'रे-फिन्ड फिश' आलंय. 'किरणपरी मासे' लिहिलं तर परातून, म्हणजे माशाच्या पंखातून, उजेड पडतो असं वाटतं. आपल्याकडं मंडईत काही शब्द आहे का?

चक्रधर : किरण नकोच. इंग्रजी 'रे'च्या मागं लॅटिन 'रेडियस' आहे, त्याचा एक अर्थ चाकाचा आरा. रोहूचा पर ताणून धरा : मुळापासून कडेपर्यंत हाडाच्या काड्या, मधे पातळ पडदा, आणि हलवणारे स्नायू पराच्या मुळाशी. म्हणून 'आरपरी'. आणि इंग्रजीत ज्या माशाला 'रे' म्हणतात तो आपला पाखट, तो यात येत नाही. तो कूर्चेच्या सांगाड्याचा, मोरीचा (शार्कचा) भाऊबंद. 30,000 हून जास्त जातींच्या या गटात चिलापीपासून समुद्रघोड्यापर्यंत सगळे येतात, म्हणून शब्द ठरवताना घाई नको.

काटेकोर : 'आरपरी' चालेल, पण खरा घोळ 'काटा' या शब्दात आहे. हाड, टोचणारा आरा, मऊ आरा, बोलीत सगळा काटाच. लिहिताना मऊ आऱ्याला 'काडी' म्हणा. ओळखायची खूण : पर उकळत्या पाण्यात धरून कातडी सोडवा. काडी सुईनं उभी चिरते, डावं-उजवं असे दोन भाग होतात, आडवी पेरं दिसतात, टोकाला बहुधा फाटे. खऱ्या काट्याला पेर नाही, तो एकसंध.

चिलापीच्या पाठीवर पुढं 15 ते 18 काटे, मागं काड्या. मरळीच्या परात काटाच नाही. वाम तर मुलखावेगळी : पाठीवर सुटे छोटे काटे, पडद्यानं न जोडलेले, हात फिरवला की करवतीसारखे लागतात.

चक्रधर : मग शिंगाडा माशाचा काटा? तो तर चांगलाच टोचतो की.

काटेकोर : तो काडीच, घट्ट झालेली! मुळाशी खटका बसतो, म्हणून वरून कितीही दाबला तरी मिटत नाही. नुसतं टोचण्यावरून 'काटा' लिहाल तर फसाल. मोजताना काटे रोमन आकड्यात, काड्या साध्या आकड्यात. शेवटच्या दोन काड्या एकाच बुडातून निघाल्या असतील तर एकच धरायची. बहुतेकांची मोजणी तिथंच एकनं वाढते.

प्रश्नकर्ता : 'आरपरी' घेतो. पहिल्यांदा येईल तिथं 'परात हाडाचे आरे असलेले' एवढं जोडतो.

चक्रधर : जोडा. आणि अनेकवचन 'आरे', 'आरा' नव्हे.