चर्चा: कॅम्पर ट्रेलरला (गाडीमागे ओढायच्या फिरत्या खोलीला) पाच केव्हीएचा डिझेल जनरेटरच पाहिजे का?

घाटवाट (सातारा)

द्राक्षवाला यांनी परवा इथे लिहिलं होतं, "ट्रेलर बांधताय ना, मग डोळे झाकून पाच केव्हीएचा सायलेंट डिझेल घ्या. दोन केव्हीएची पेट्रोल इन्व्हर्टर खेळणी पुण्यामुंबईच्या लोकांना शोभतात." त्याखाली भरपूर वाहवा झाली. माझ्या ओळखीच्या एकाने त्या भरात वर्कशॉपला फोन करून चेसिसवर जनरेटरची पेटी वाढवायला सांगितली. म्हणून आता गप्प बसवत नाही.

पाच केव्हीएचा सायलेंट डिझेल म्हणजे दीडशे किलोच्या पुढचं धूड. आपल्याकडचे छोटे ट्रेलर आठशे-हजार किलोचे असतात. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकवर यावा लागतो, म्हणजे शंभर किलोच्या आसपास. हे धूड पुढच्या दांड्यावर ठेवलं की गाडीची मागची बाजू बसते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. मागे ठेवलं की हुकवरचा भारच उडतो आणि उताराला ट्रेलर डावी-उजवीकडे झोलायला लागतो. वर्कशॉपवाल्याने पेटी मागे ठोकलेला असा ट्रेलर घेऊन मी यवतेश्वर घाट उतरलोय. वळणावर समोरून एसटी आली तेव्हा मागचं चाक गटारीच्या कडेला होतं.

आणि पाच केव्हीए म्हणजे चार किलोवॉट, ते लागणार कशाला? बारा व्होल्टचा फ्रीज साठ वॉटच्या आत. पंखे, दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल सगळं धरून तीनशे वॉट होत नाहीत. एवढ्याशा लोडवर तासन् तास डिझेल इंजिन चालवलं की इंधन पुरतं जळत नाही, सायलेन्सरमध्ये तेलकट काजळी साठते. त्या पेट्रोलवरच्या इन्व्हर्टर जनरेटरचं इंजिन लोड कमी झाला की आपोआप हळू होतं. पाव लोडला दोन केव्हीएचा सेट तासाला अर्धा लिटरही पेट्रोल खात नाही. कास, तापोळा, महाबळेश्वर फिरणाऱ्याला एवढा बास आहे.

द्राक्षवाला (तासगाव)

सातारकर, तुमच्याकडं संध्याकाळ झाली की अजिंक्यताऱ्यावरनं वारा येतो. आमच्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री दहापर्यंत पत्रा तापलेला असतो. मी ट्रेलर कासची फुलं बघायला बांधलेला नाही. आईला चैत्री वारीला पंढरपूरला न्यायचं म्हणून बांधलाय. तिला दमा आहे. शेतात गाडी लावायची, जवळ लाईट नाही, आत पत्र्याच्या खोलीत म्हातारं माणूस. तिथं एसी लागतोच. दीड टनाचा एसी तुमच्या दोन केव्हीएवर चालवून दाखवा, मी जाहीर माफी मागतो.

पेट्रोलचं पण ऐका. कॅनमध्ये पेट्रोल द्यायला पंपवाला तयार नसतो. त्यात आता वीस टक्के इथेनॉल. चार महिने सेट नुसता ठेवला की कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो आणि ऐन वेळी दोरी ओढून हात दुखतात. डिझेल ट्रॅक्टरचंच, घरात कायम असतं. आमच्या बेदाणा शेडवर डिझेल सेट वर्षानुवर्षं चाललाय. अनुभवाचं बोलतोय, व्हिडिओ बघून नाही.

मिस्त्री (कराड)

मी वायरिंगची कामं करतो, दोन्हीकडचे ट्रेलर माझ्याकडे येतात. दोघंही अर्धंच सांगताय.

द्राक्षवाले, तुमचा दीड टनाचा एसी जुना खिडकीचा असणार. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या तिप्पट-चौपट ओढतो, तोही क्षणभरच. त्या एका क्षणासाठी तुम्ही पाच केव्हीए वाहताय. एक टनाचा इन्व्हर्टर एसी बसवा. तो हळूहळू वेग घेतो, झटका देत नाही आणि हजार वॉटच्या आसपास चालतो. ट्रेलरची खोली केवढी, त्याला दीड टन कशाला? आधी एसी ठरवा, मग जनरेटर. लोक उलटं करतात.

घाटवाट, तुमचंही तपासून घ्या. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. दर तीनशे मीटरला इंजिनची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते, म्हणजे तिथे पंधरा टक्क्यांच्या आसपास गेली. दोन केव्हीएच्या सेटला सतत सोळाशे वॉट धरले तर वर साडेतेराशे उरतात. त्यात एसी चालू असताना कुणी केटल लावली की सेट बसलाच. अमेरिकन व्हिडिओंमधला हिशोब आपल्याकडे लावू नका. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि छतावरचे साडेतेरा हजार बीटीयूचे, म्हणजे आपल्या एक टनाच्या थोडे वरचे, एसी असतात.

आणखी एक, हे कुणीच विचारत नाही. छोट्या पोर्टेबल सेटमध्ये बऱ्याचदा न्यूट्रलची तार सेटच्या धातूच्या बॉडीला जोडलेली नसते. तसं असेल तर ट्रेलरमध्ये आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावूनही पहिल्या गळतीला ती पडणार नाही. जोडणी कुठे आणि कशी करायची ते जाणत्या माणसाकडून करून घ्या.

बामणोलीचा

तुमचे वॉट आणि किलो चालू द्या. ज्यांच्या गावात येऊन तुम्ही हे लावता त्यांना कुणी विचारलं का? शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठाला शनिवारी गाड्या लागतात आणि रात्री एकपर्यंत जनरेटरची भुरभुर चालू. पाण्यावरून आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जातो. लेकरं झोपत नाहीत. पेट्रोल असो नाही तर डिझेल, आम्हाला दोन्ही सारखेच. रात्री दहानंतर बंद म्हणजे बंद.

आणि विजेचं बोलताय म्हणून सांगतो. कोयनेची वीज १९६० मेगावॉट. धरणात आमच्या वाडवडिलांची भातखाचरं गेली, निम्मी भावकी ठाणे, रायगड, सोलापूरकडे पुनर्वसनात गेली. आणि पावसाळ्यात झाड पडलं की आमच्या वाडीत दिवसच्या दिवस अंधार. तुम्ही दोन रात्री पंखा नाही म्हणून जनरेटर आणता. आम्ही कुणाला सांगायचं?

द्राक्षवाला (तासगाव)

भाऊ, अंधाराचं दुःख आम्हाला शिकवू नका. आमच्या पंपाची थ्री फेज लाईट पाळीनं रात्रीची येते. थंडीत रात्री दोनला उठून बागेला पाणी द्यायला जातो. शिराळा-वाळव्याकडं उसात बिबट्या असतो, तिकडचे पाहुणे बॅटरी आणि काठी घेऊन दोघं-दोघं जातात. माझ्या चुलत्याला रात्री मोटार चालू करायला गेल्यावरच साप चावला. वाचला, पण पाय अधू झाला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की शेतकऱ्याची झोप मोडते. आता वर्षातनं एकदा आईला घेऊन बाहेर पडलो तर आवाजाची अडचण होते?

बामणोलीचा

तुमच्या चुलत्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण त्याची भरपाई आमच्या झोपेतून का? वीज वेळेवर मिळत नाही हे भांडण ज्याच्याशी करायचं त्याच्याशी करा. आम्हीही येऊ तुमच्यासोबत. ऊस तुमचा, द्राक्ष तुमची, त्याला कोयनेचं पाणी जातं. नदीचं खालचं टोक तुमच्याकडे, वरचं आमच्याकडे. वरच्याला गप्प बस म्हणू नका.

द्राक्षवाला (तासगाव)

कुणी म्हटलं गप्प बसा? पाणी येतं म्हणून आम्ही गुन्हेगार झालो का? तासगावच्या पूर्वेला जाऊन बघा, टँकरवर बागा जगवलेली माणसं आहेत. उगाच सगळ्या सांगलीला एका मापात मोजू नका.

घाटवाट (सातारा)

दोघांनी जनरेटरवर या. आवाजाचा मुद्दा मीच मांडणार होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डिझेल सेटला कंपनीने एक मीटरवर ७५ पर्यंत ठेवायचं असतं. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे उघड्यावर अठ्ठावीस मीटर लांबही तो ४६ च्या आसपास ऐकू येणार. "सायलेंट" लिहिलं म्हणून सायलेंट होत नाही. म्हणून इन्व्हर्टर म्हणतोय.

मिस्त्री (कराड)

हाच हिशोब पुढे न्या ना. ७५ चे सात मीटरवर ५८ होतात. चांगल्या कंपनीच्या दोन केव्हीए इन्व्हर्टर सेटच्या कागदावर सात मीटरला पाव लोडवर ४८ आणि पूर्ण लोडवर ५७ लिहिलेलं असतं. म्हणजे त्यावर रात्रभर एसी लावला तर तोही डिझेलएवढाच बोंबलणार. फरक पडतो तो फक्त लोड कमी असताना. बामणोलीवाल्यांचं बरोबर आहे, रात्री दोन्ही बंदच पाहिजेत.

घाटवाट (सातारा)

पूर्ण लोडच्या आकड्याबद्दल हरकत नाही, मान्य. पण वजनाचं आणि काजळीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

वाईची सौर

सगळं सोडा. छतावर चारशे वॉटचं पॅनेल, दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. आवाज नाही, धूर नाही. जनरेटर ही गेल्या पिढीची गोष्ट.

घाटवाट (सातारा)

ताई, कासचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. तेव्हा पठारावर धुकं आणि पाऊस, पॅनेलला ऊन कुठलं? ती बॅटरी अडीच युनिटची. पंखा-फ्रीजला दोन रात्री पुरेल, पण एक टनाचा एसी दोन-अडीच तासांत रिकामी करेल. बॅटरी हवीच, पण ती भरायची कशाने ते सांगा. गाडी चालताना इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जरने (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणाऱ्या यंत्राने) तीस अँपिअर घेतले तर तासाला चारशे वॉट-अवरच्या आसपास पडतात. पावसाळ्यात मला त्याचाच आधार वाटतो.

मिरजेची सिस्टर

एवढं सगळं लिहिलंत आणि धुराबद्दल एक ओळ नाही. याचा मला खरंच राग आला आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसी चालू ठेवून झोपले होते. तपासात निघालं की जनरेटरचा कार्बन मोनॉक्साईड तळातल्या भोकातून आत आला. आमच्याकडे जत्रेतलं एक कुटुंब असंच आलं होतं. ताडपत्रीच्या मागे जनरेटर आणि आत झोपलेली चार माणसं. बाई सारखी सांगत होती, "डोकं दुखतंय, मळमळतंय, काल भेळ खाल्ली होती." बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन चांगला दिसत होता, कारण ते साधं यंत्र हा वायू ओळखत नाही. डॉक्टरांनी जनरेटरबद्दल विचारलं म्हणून कळलं. या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

द्राक्षवाले दादा, तुमचा सेट ट्रेलरलाच जोडलेला आणि आत दम्याची आई. चेसिसवरचा जनरेटर रात्री चालवून आत कुणाला झोपवू नका. ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावा आणि सेट वीस फूट तरी लांब, वारा ट्रेलरकडून सेटकडे वाहतोय हे बघून ठेवा. दीडशे किलोचा सेट रोज उचलून लांब ठेवणार कोण? वीस-बावीस किलोचा एक माणूस उचलतो. माझ्या दृष्टीने प्रश्न इथेच संपतो.

द्राक्षवाला (तासगाव)

सिस्टर, वायरिंगसाठी चेसिसला पाडलेली भोकं आहेत. उद्या बुजवून घेतो. अलार्म कुठं मिळतो तेवढं कळवा.

बाकी घाटवाट यांचं मी ऐकलेलं नाही. वजनाचं त्यांनी सांगितलं ते आठशे किलोच्या ट्रेलरला लागू असेल, माझा दोन धुऱ्यांचा आहे. मिस्त्री, कराडला येतो, क्लॅम्प मीटर लावून माझा एसी सुरू होताना किती अँपिअर घेतो ते डोळ्यांसमोर दाखवा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी आईच्या खोलीला पुरला तर तो बसवेन. मग छोटा सेट लांब ठेवून संध्याकाळी खोली गार करायची आणि दहाला बंद करायचा. पण तोही डिझेलचाच बघणार.

मिस्त्री (कराड)

या. बुधवारी नको. आणि दोन केव्हीएत हलका डिझेल सेट शोधून आणलात तर मलाही दाखवा.

बामणोलीचा

दहाला बंद करणार असाल तर आमच्याकडेही या. आईला घेऊन या. पण पंपाच्या लाईटीचं निवेदन द्यायचं झालं तर आमच्या वाडीचं नाव त्यात आलं पाहिजे.