मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण गाडीतल्या सॉकेटवर काहीच चालत नाही

वळणवाट:
मंडळी, जरा डोकं लावा. गिअरच्या पुढे जे गोल १२ व्होल्टचं सॉकेट असतं (जुन्या गाड्यांत लायटर असायचा ती जागा), ते मेलंय. डिकीतलं दुसरं सॉकेट ठणठणीत आहे. तोच चार्जर डिकीत लावला की फोन चार्ज होतो. पुढे लावला की चार्जरचा दिवा एकदा लुकलुकतो आणि विझतो.

फ्यूज काढून पाहिला. १५ अँपिअरचा, निळा. आतली तार शाबूत दिसते. तरी नवीन टाकून बघितला, फरक शून्य. मग मल्टिमीटर घेतला. लाल टोक सॉकेटच्या तळाच्या पिनवर, काळं बाजूच्या पत्र्याला. चावी फिरवून १२.४ व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर १४.१. म्हणजे वीज पोचतेय! मग चार्जरला ती का मिळत नाही?

एक गोष्ट सांगून ठेवतो, उपयोगी असेल तर बघा. हे सगळं सुरू व्हायच्या आधी याच सॉकेटवर टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप लावला होता, चारही टायर सलग. प्लग काढताना हाताला चटका बसेल इतका तापला होता.

गॅरेजबाहेर:
पंपाला १५चा फ्यूज कमीच पडतो हो. २०चा पिवळा टाका, मोकळे व्हा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

अर्धा_पाना:
फ्यूज राहू द्या, आधी टॉर्च मारून सॉकेटच्या आत बघा. नाणं, पिन, चॉकलेटचा चंदेरी कागद, काय वाट्टेल ते सापडतं. (चावी बंद करून बघा, आणि आत स्क्रूड्रायव्हर खुपसू नका.) दुसरं म्हणजे, चार्जरच्या बाजूला जे दोन स्प्रिंगवाले कान असतात ते दबून आत गेले असतील तर पत्र्याला नीट टेकत नाहीत. हलक्या हाताने बाहेर ओढून बघा. लायटरसाठी केलेलं सॉकेट आणि नुसतं पॉवरचं सॉकेट यांची आतली रचनाही सारखी नसते, त्यामुळे एखादा प्लग एका ठिकाणी घट्ट बसतो आणि दुसरीकडे खुळखुळतो.

वळणवाट:
आत स्वच्छ आहे, थोडी धूळ होती ती काढली. कान ओढून पाहिले, दुसरा चार्जरही लावला. दोन्ही डिकीत चालतात, पुढे नाही.

तारेवरची:
आधी पिवळ्या फ्यूजचं बोलते, कारण कुणीतरी हा धागा वाचून खरंच टाकेल. फ्यूज पंपासाठी नसतो, तारेसाठी असतो. तार १५ अँपिअरच्या हिशोबाने टाकली असेल आणि तुम्ही २०चा फ्यूज बसवलात, तर उद्या बिघाड झाल्यावर फ्यूजच्या आधी डॅशबोर्डमागची तार वितळेल. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर जो आकडा छापलाय तोच. शिवाय इथे फ्यूज उडालेलाच नाही! न उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज टाकून नेमका कुठला आजार बरा होणार?

आता वळणवाट, तुमचं. तुमच्या वर्णनात दोन धागे आहेत: तापलेला प्लग, आणि एकदा लुकलुकून विझणारा दिवा. दिवा लुकलुकतो म्हणजे तार पूर्ण तुटलेली नाही. जोड आहे, पण मरतुकडा आहे.

मीटर खोटं बोलत नाहीये, पण तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारताय. साधारण डिजिटल मीटरच्या आत १ कोटी ओहमच्या आसपास रोध असतो. म्हणजे १२.४ व्होल्टवर तो जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर ओढतो. इतका क्षुल्लक करंट जळक्या टर्मिनलमधूनही आरामात जातो, तारेचा एकच धागा उरला असेल तरी जातो, आणि मीटर खुशाल पूर्ण आकडा दाखवतो. तुंबलेल्या नळीचा नळ बंद असताना दाब पूर्णच दिसतो, नळ उघडला की कळतं. तुमचा चार्जर एक अँपिअरच्या घरात मागायला लागला की तो जोड हात वर करतो.

त्यामुळे सॉकेटवर लोड (म्हणजे खरोखर करंट ओढणारं काहीतरी) ठेवून मोजायचं. एखाद्या मेलेल्या चार्जरचा प्लग उघडून त्याला दोन तारा जोडा: टोकाची ती पॉझिटिव्ह, बाजूच्या कानांची ती निगेटिव्ह. त्यांना ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावा. चांगल्या सॉकेटवर तो पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे चार्जरपेक्षा जास्त आणि फ्यूजला अजिबात धोका नाही. एलईडीचा बल्ब चालणार नाही, तो फारच कमी घेतो. बल्ब लागलेला असतानाच त्याच्या दोन तारांवर व्होल्ट मोजा. आणि कृपा करून मीटरची वायर अँपिअरच्या भोकात ठेवून सॉकेटला लावू नका. तो थेट शॉर्ट होतो.

चावीच्या ज्या स्थितीत १२.४ आले होते त्याच स्थितीत करा. बल्ब तापतो, प्लास्टिकवर टेकवू नका. आकडे इथे टाका.

पाऊलखुणा:
मध्येच घुसतोय, पण माझंही सॉकेट बंद आहे आणि मीटर सरळ ०.०० दाखवतोय. माझ्यासाठीही बल्ब का?

तारेवरची:
नाही, तुमचं प्रकरण वेगळं आणि बहुतेक सोपं. आधी बघा की चावी अॅक्सेसरीवर (इंजिन बंद, पण रेडिओ चालतो ती स्थिती) आहे का. पुष्कळ गाड्यांत चावी बंद केली की सॉकेट बंद. मग फ्यूज. तो डोळ्यांनी तपासण्यावर विसंबू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक उघडे ठिपके असतात. फ्यूज जागेवर ठेवून, चावी चालू करून, मीटरचं काळं टोक बॉडीच्या बोल्टला आणि लाल टोक एकेका ठिपक्याला लावा. दोन्हीकडे १२ तर फ्यूज चांगला. एकीकडे १२ आणि दुसरीकडे शून्य, तर उडालाय. दोन्हीकडे शून्य, तर फ्यूजपर्यंतच वीज येत नाही, म्हणजे अॅक्सेसरीचा रिले (चावीने चालू-बंद होणारा विजेचा स्विच) किंवा त्याच्या मागचं काहीतरी.

फ्यूज चांगला निघाला तर सॉकेटच्या तळाची पिन आणि गाडीच्या बॉडीचा उघडा बोल्ट यांच्यामध्ये मोजा. तिथे १२ आले पण पिन आणि सॉकेटचा पत्रा यांच्यात शून्य, तर अर्थची तार (पत्र्याकडून बॉडीला परत जाणारी निगेटिव्ह) सुटलीय. नवा फ्यूज टाकल्याटाकल्या उडाला तर टाकत बसू नका. आधी सॉकेटमध्ये पडलेलं नाणं शोधा. काही चार्जरचं पुढचं टोक फिरवून उघडतं, आत काचेचा छोटा फ्यूज असतो. ते टोक ढिलं होऊन सॉकेटच्या तळाशी राहून जातं आणि तिथे शॉर्ट करतं, तेही बघा. आणि कुणी डॅशकॅम बसवताना त्याच फ्यूजच्या जागेवरून जोड घेतला असेल तर पहिला संशय त्याच्यावर.

पाऊलखुणा:
डॅशकॅम! बसवून थोडेच दिवस झालेत. बघतो.

वळणवाट:
ताई, केलं. बल्ब लावल्यावर तो पेटला खरा, पण लालसर, मरगळलेला. मीटर १२.४ वरून थेट ६.१ वर! बल्ब काढला की पुन्हा १२.४. हे बघून गंमत वाटली आणि धडकीही भरली.

तारेवरची:
छान. आता ६ व्होल्टच्या वर कुठेतरी वाटेत गळताहेत. कुठे, ते शोधायला काही उघडायची गरज नाही. वाटा दोनच: बॅटरीकडून पिनपर्यंत येणारी आणि पत्र्याकडून बॉडीला परत जाणारी. बल्ब लावलेला ठेवून,

लाल टोक सॉकेटच्या फ्यूजच्या पाठीवरच्या दोन ठिपक्यांपैकी सॉकेटकडच्या ठिपक्यावर, काळं टोक बल्बच्या पॉझिटिव्ह तारेवर. हा झाला जाण्याचा रस्ता.

मग लाल टोक बल्बच्या निगेटिव्ह तारेवर, काळं टोक बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर. हा परतीचा.

वायर पुरत नसेल तर मीटरच्या टोकाला लांब तार जोडा, इथे तारेच्या लांबीने काही बिघडत नाही. धड जोड असेल तर बल्बच्या लोडवर एका बाजूला दशांश दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त पडू नये. जिकडे मोठा आकडा, तिकडे आजार.

वळणवाट:
जाण्याचा: ०.२. परतीचा: ६.१.

तारेवरची:
म्हणजे अर्थची बाजू. ०.२ अधिक ६.१ आणि बल्बवरचे ६.१ मिळून १२.४, हिशोब चोख जुळतो, म्हणजे मोजणी बरोबर आहे. बल्ब त्या व्होल्टेजला साधारण सव्वा अँपिअर घेत असेल, तेव्हा त्या जोडावर सातेक वॅट उष्णता तयार होतेय. नखाएवढ्या पत्र्यावर सात वॅट! बल्ब लावून ठेवू नका आता. पंप चालत होता तेव्हा तिथे काय झालं असेल याचा अंदाज करा. जोड थोडा ढिला असतो, तापतो, पत्र्याची पकड सैल होते, वर काजळी येते, रोध वाढतो, आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही.

आता उघडा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा (घड्याळ आणि काचांची सेटिंग जाऊ शकते, पुन्हा लावता येते). कन्सोलचा तुकडा काढताना पिवळ्या आवरणाच्या तारा किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. तशा तारा वाटेत येत असतील तर हे काम ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. सॉकेटच्या मागे दोन टर्मिनल असतील. पत्र्याला जोडलेलं ते तुमचं.

गॅरेजबाहेर:
बरं, २०चा फ्यूज मागे घेतो. पण मग एवढं तापूनही फ्यूज का नाही उडाला? फ्यूजचं कामच ते ना?

तारेवरची:
फ्यूज फक्त करंट मोजतो, ढिला जोड त्याला दिसत नाही. उलट जोड बिघडला की करंट कमी होतो, त्यामुळे फ्यूज आणखीच निवांत. म्हणून ढिल्या जोडाची आग ही शॉर्टपेक्षा वाईट गोष्ट. तिच्यावर पहारा कुणाचाच नसतो.

वळणवाट:
उघडलं. अर्थचं टर्मिनल सापडायला वेळच लागला नाही, कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक त्या बाजूला तपकिरी झालंय आणि एक कोपरा वितळून वाकलाय. पॉझिटिव्हची बाजू नव्यासारखी. टर्मिनल बोटाने हलवलं तर सॉकेटच्या पात्यावर लडबडत होतं. तार मात्र आतून चांगली असावी, सोलली की तांबं चकाकतंय का बघतो. पॉलिश पेपरने घासून पुन्हा लावू की बदलू?

तारेवरची:
बदला. तापून मऊ पडलेल्या पत्र्याला पुन्हा पकड येत नाही. घासलं तर दोन दिवस चालेल आणि मग परत तेच. पात्यावरही काळपट डाग असतील, म्हणून सॉकेटही नवं घ्या, त्याच गाडीचं. तार चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापा, काळी पडलेली तार वापरू नका. नवं पाकळीचं टर्मिनल तारेच्या जाडीला जुळणारं असू द्या आणि ते क्रिंपिंगच्या पक्कडने दाबा, साध्या पक्कडने चेपू नका. बसवल्यावर ओढून बघा, सहज निघालं तर ते बसलेलंच नाही. वरून उष्णतेने आवळणारी नळी.

झाल्यावर तोच बल्ब, तीच दोन मापं.

वळणवाट:
झालं! टर्मिनल आणि सॉकेट दोन्ही नवं. बल्ब एकदम झगझगीत. परतीचा आकडा ०.१. फोनही चार्ज होतोय.

आता एकच विचारतो. पंप परत लावू की नको? त्याच्यावर १५० वॅट छापलंय.

तारेवरची:
सॉकेटच्या झाकणावर काय छापलंय ते बघा.

वळणवाट:
१२ व्होल्ट, १२० वॅट.

तारेवरची:
म्हणजे १० अँपिअर. पंप मागतो साडेबारा, आणि सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा. फ्यूज १५चा असल्याने तो उडत नाही, पण सॉकेट आणि त्याची टर्मिनलं कायम मर्यादेपलीकडे राबतात. त्या पंपाला सॉकेटवर लावू नका.

बॅटरीला लावायच्या चिमट्यांची वायर मिळते, ती घ्या. लाल चिमटा आधी, बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळा, इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला. काढताना उलट क्रम. लाल वायरमध्ये चिमट्याच्या जवळच फ्यूज असलेलीच वायर घ्या, नसेल तर वायरच्या जाडीप्रमाणे तिथे फ्यूज टाकून घ्या. पंप चालताना गाडी मोकळ्या हवेत, इंजिन सुरू, हँडब्रेक ओढलेला. आणि पंप सलग किती मिनिटं चालवायचा ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. चार टायर एका दमात भरायला तो बनलेला नाही, मध्ये गार होऊ द्या.

पाऊलखुणा:
माझा निकाल: डॅशकॅमवाल्याने जोड घेताना सॉकेटचा मूळ फ्यूज परत बसवलाच नव्हता, जागा रिकामी! फ्यूज टाकला, चालू झालं. त्या जोडातल्या डॅशकॅमच्या खाचेत मात्र २०चा पिवळा आहे, आणि पुढे गेलेली तार शिवणाच्या दोऱ्याएवढी.

तारेवरची:
आजच काढा तो पिवळा. डॅशकॅम एक अँपिअरही घेत नाही. तिथे २ किंवा ३चा टाका.