मदत हवी आहे: रोमानियन आणि ग्रीक नकाशात कुठवर रंगवू?

मंडळी, मुलांसाठी जगातल्या भाषांचा भिंतीवरचा नकाशा करतेय. रोमानियन आणि ग्रीकपाशी गाडी अडली आहे.

ग्रीस आणि सायप्रस सोपे. पण दक्षिण अल्बानियातली ग्रीक गावं, इटलीच्या सालेंतो आणि कालाब्रियात जेमतेम तग धरून असलेली ग्रीको बोली, शिवाय मेलबर्नमधली मोठी ग्रीक वस्ती, हे सगळं एकाच रंगात दाखवायचं का?

रोमानियनचं त्याहून अवघड. रोमानिया आणि मोल्दोव्हा आहेतच; मोल्दोव्हाने २०२३ मध्ये कायद्यांतही भाषेचं नाव ‘रोमानियन’ केलं. मोल्दोव्हापासून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियात मात्र तीच भाषा अजून ‘मोल्दोव्हन’ म्हणून सिरिलिक (रशियनच्या) लिपीत लिहितात (हे मुलांना कसं समजवायचं देव जाणे!). सर्बियाच्या व्होयव्होदिना प्रांतात ती एक अधिकृत भाषा आहे, युक्रेनच्या चेर्निव्हत्सी भागातही बोलली जाते.

खरा पेच ग्रीसमधल्या मेत्सोव्हो गावाचा. तिथले व्लाख लोक आरोमानियन ही रोमानियनची जवळची भाषा बोलतात. ती रोमानियनच्या रंगात घ्यावी की वेगळी दाखवावी? माझा कल वेगळी दाखवण्याकडे आहे. भाषाशास्त्र शिकलेलं किंवा त्या भागात राहिलेलं कुणी आहे का इथे? आणि इटली-स्पेनमधल्या स्थलांतरित रोमानियनांसाठी नुसते ठिपके चालतील का?