आईला ड्राय मॅक्युलर डिजनरेशन सांगितलंय, हे पुढे कसं वाढतं?

रानजाई:
आई ७४ वर्षांची आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची आधीच झालीयेत, त्यामुळे वाचायला त्रास व्हायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असणार, पण डॉक्टरांनी थेंब घालून पडदा तपासला, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) काढली आणि म्हणाले वयामुळे होणारं मॅक्युलर डिजनरेशन आहे, ड्राय टाईप, इंटरमीडिएट स्टेज. सहा महिन्यांनी या, आत्ता काही करायचं नाही, एवढंच. रिपोर्टवर दोन्ही डोळ्यांत लार्ज ड्रुसेन आणि उजव्या डोळ्यात पिगमेंटरी चेंजेस असं लिहिलंय. आई सारखं विचारते मी आंधळी होणार का, आणि मी काय उत्तर देऊ तेच कळत नाहीये. नेटवर वाचून डोकं भणभणलंय. ड्रायचं वेट होतंच का? किती दिवसांत? आणि काही करायचं नाही म्हणजे खरंच काहीच नाही का??

भिंगवाला:
ताई मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रेटिनाचा डॉक्टर नाही, पण रोज असे पेशंट बघतो. पहिलं आईंच्या प्रश्नाचं उत्तर. या आजारात पूर्ण अंधार होत नाही. मॅक्युला म्हणजे पडद्याचा अगदी मधला छोटा भाग, वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्याच्यावर चालतं, आणि बिघडतो तोच. कडेची नजर राहते, म्हणजे घरात वावरणं वगैरे जमतं. पण मधली नजर गेली तर ते कमी नुकसान नाही, उगाच खोटा धीर देत नाही.

आता वाढतं कसं. पडद्याखाली पेशींचा एक थर असतो, त्याचं काम वरच्या पेशींना पोसायचं आणि त्यांचा कचरा उचलायचा. वयानुसार तो थर थकतो आणि खाली पिवळसर ठिपके साचतात, ते ड्रुसेन. १२५ मायक्रॉनपेक्षा मोठे असतील तर लार्ज म्हणतात. एक सोपा हिशोब आहे, लार्ज ड्रुसेन असलेल्या प्रत्येक डोळ्याला १ पॉइंट, पिगमेंटचे म्हणजे पडद्याच्या रंगद्रव्याचे बदल असलेल्या प्रत्येक डोळ्याला १ पॉइंट. तुमच्या आईंचे झाले ३. तीन पॉइंट असलेल्यांपैकी साधारण २५ टक्के लोकांना ५ वर्षांत निदान एका डोळ्यात पुढची स्टेज येते. म्हणजे चारातल्या तिघांना तेवढ्या काळात येत नाही हेही बघा.

पुढची स्टेज दोन प्रकारची. एकात पेशी हळूहळू झिजून मरतात, त्याला जिओग्राफिक अ‍ॅट्रॉफी म्हणतात, याला वर्षं लागतात. दुसरी वेट, पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या नव्याने उगवतात आणि त्यातून पाणी किंवा रक्त झिरपतं, हे मात्र काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत नजर पाडू शकतं. वेट होतंच असं नाही, बहुतेकांचं ड्रायच राहतं.

सह्यकडा:
बाबांना वेट आहे म्हणून लिहितो. त्यांचा एक डोळा चांगला होता आणि घोळ त्यामुळेच झाला, दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो आणि बिघडलेल्याचा पत्ताच लागत नाही. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून एक डोळा चोळत होते तेव्हा लक्षात आलं की बाथरूमच्या टाइल्सची सरळ रेघ मधेच पोटासारखी फुगलीये. नशिबाने लगेच दाखवलं. इंजेक्शन थेट डोळ्यात देतात हे ऐकून आम्हीच जास्त घाबरलो होतो पण आधी बधिर करायचे थेंब घालतात, सुई टोचलेली त्यांना कळलीच नाही, नंतर ते डोळा साफ करायचं औषध मात्र संध्याकाळपर्यंत चुरचुरत होतं. सुरुवातीला दर महिन्याला, मग ओसीटी कोरडी दिसली की अंतर वाढवत नेतात. गेलेली नजर थोडी परत आली, सगळी नाही. आणि मधेच सोडायचं नाही, बरं वाटतंय म्हणून कंटाळा केला की परत पाणी साचतं.

नवाभिडू:
ते डोळ्यांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आजच सुरू करा, आमच्या घरी सगळेच घेतो, व्हायच्या आधीच घेतलेल्या बऱ्या 👍

भिंगवाला:
सगळ्यांनी कशाला?? त्या फॉर्म्युल्याला आरेड्स टू म्हणतात, क जीवनसत्त्व, ई, झिंक, कॉपर, ल्युटीन १० मिग्रॅ आणि झिअ‍ॅक्सँथिन २ मिग्रॅ. इंटरमीडिएट स्टेजला पुढे जायचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो असं आरेड्स अभ्यासात २००१ मध्ये दिसलं. आजार नसलेल्याला किंवा अगदी अर्ली स्टेजला फायदा दिसलेला नाही. आधीच्या फॉर्म्युल्यात बीटा कॅरोटीन होतं, त्याने सिगरेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या अभ्यासानंतर ते काढून ल्युटीन घातलं. तेव्हा डबीवर बघूनच घ्या. रानजाई ताई, आईंची स्टेज बरोब्बर या गोळ्यांची आहे, डॉक्टर बोलले नसतील तर तुम्ही विचारा. नजर सुधारणार नाही त्याने, वेग कमी होतो एवढंच.

जुनीखिडकी:
बाळा मी ७९ वर्षांची, मी बोलते आणि नात टाईप करते. माझं ते झिजण्याचं आहे, ड्रायचंच. वाचताना शब्दातलं मधलंच अक्षर गायब व्हायचं तिथून सुरुवात झाली. आता समोरच्याचा चेहरा पुसट, पण नजर किंचित बाजूला वळवली की दिसतं, ते सरावाने येतं. भरपूर उजेड आणि मोठं भिंग, या दोन गोष्टींनी माझं वाचन चालू राहिलंय.
एक कुणी सांगत नाही ते सांगते. मला मधूनच भिंतीवर जाळीची नक्षी दिसायची, एकदा तर रंगीत कपड्यातली छोटी छोटी माणसं रांगेत उभी. महिनोन्महिने कुणाला बोलले नाही, म्हटलं वेड लागलं म्हणतील. शेवटी डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले नजर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं भरतो, चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, डोकं ठणठणीत आहे तुमचं. बॉनेटने १७६० मध्ये आपल्या आजोबांचंच लिहून ठेवलंय म्हणे. तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे पुढे कधी दिसलं तर ती लपवणार नाही.

रानजाई:
आजी हे खरंच कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार 🙏
नेटवर ते चौकटीच्या कागदाचं वाचलं होतं, अ‍ॅम्स्लर ग्रिड ना, रेषा वाकड्या दिसतात का ते बघायचं, ते आज केलं. आई म्हणाली सगळंच वाकडंतिकडं आणि धूसर दिसतंय!! माझ्या तर पोटात गोळा आला.

भिंगवाला:
चष्मा कुठला होता? जवळचा लावून, चांगल्या उजेडात, साधारण ३० सेंमीवर धरून, एक डोळा हाताने पूर्ण झाकून मधल्या ठिपक्याकडेच बघायचं. तरीही रेषा वाकल्या किंवा मधला तुकडा गायब वाटला तर सहा महिन्यांची वाट बघू नका, उद्याच फोन करा आणि "सरळ रेषा नव्याने वाकड्या दिसतायत" हेच शब्द सांगा म्हणजे लवकर घेतात.

रानजाई:
लांबचा लावला होता तिने 😅 जवळच्या चष्म्याने दोन्ही डोळ्यांना रेषा सरळ दिसतायत. शेवटचं, हे आनुवंशिक असतं का? मोठा भाऊ पन्नाशीचा आहे आणि सिगरेट ओढतो.

भिंगवाला:
हो, आईवडिलांना असेल तर धोका वाढतो. दोघांनीही एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. जीन्स बदलता येत नाहीत, सिगरेट सोडता येते, आणि बदलण्यासारख्या कारणांत तीच सगळ्यात मोठी आहे. दादांना हा धागा वाचायला द्या.