वैनीनं हळदीकुंकवाला आतच का बसावं?

येळ्ळूरची लेक
यंदा संक्रांतीला माहेरी हळदीकुंकू होतं. माझी वैनी तीन वर्षांमागं विधवा झाली. तिळगूळ तिनं वळला, वाणाच्या वाट्या तिनं पुसून मांडल्या, चहाचं आधणही तिनंच ठेवलं. सोप्यात बायका जमायला लागल्या तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. कुणीही तिला जा म्हटलं नव्हतं. मला हेच जास्त खुपलं.

रात्री एकेकीला वेगवेगळं गाठून विचारलं. आई म्हणाली, "माझं काही नाही गं, पण भावकी काय म्हणेल?" भावकीतली थोरली काकू म्हणाली, "मला चालतंय की, तुझ्या आईलाच चालायचं नाही." शेजारच्या आक्का म्हणाल्या, "घरच्यांनी बोलवायचं असतंय, आम्ही कोण?" तिघींचीही हरकत नाही, आणि तिघींनाही वाटतंय की दुसरीची आहे. वैनी मात्र चुलीपाशी.

कुरुंदवाडजवळच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ते आपल्याला लागू नाही, आपण कर्नाटकात. पण आपल्या सोयरिकी चंदगड, गडहिंग्लज, शिरोळला होतातच की. लेकी देताना सीमा आडवी येत नाही, मग ही रीत सोडताना का यावी? असा ठराव आपल्या गावांतही व्हायला पाहिजे.

निपाणीकर
ताई, तुम्ही तिघींना विचारलंत. वैनींना विचारलंत काय?

ठरावानं मनं बदलत नाहीत असं माझं मत आहे. आणि "लोक काय म्हणतील" याला सरसकट नावं ठेवू नका. माझे वडील गेले तेव्हा घरात चूल पेटली नाही. रोज कुणाच्या तरी घरून भाकरी, झुणका, आमटी यायची. बांधाच्या भांडणावरून ज्या चुलत्यांशी पाच वर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याकडूनही बुट्टी आली. मायेनं आली असं मी म्हणणार नाही, न पाठवली तर गाव काय म्हणेल म्हणून आली. पण ती बुट्टी परत द्यायला मी त्यांच्या दारात गेलो आणि तिथून बोलणं सुरू झालं. लोकलाज नसती तर आम्ही आजही तोंड फिरवूनच गेलो असतो. एक रीत उपटायला जाल, तर तिच्यासोबत काय काय उपटलं जाईल ते आधी बघा.

शहापूरची काकू
दादा, भाकरीची बुट्टी आणि फोडलेल्या बांगड्या एका तागडीत कशा घालता ओ? एका रीतीनं दुःखातलं माणूस धरून ठेवलं जातंय, दुसरीनं त्यालाच बाजूला काढलं जातंय.

आणि सौंदत्तीला काय होतंय बघा. रांडाव पुनवेला यल्लम्माच्या बांगड्या उतरतात आणि पुढं अहेव पुनवेला देवी परत अहेव, म्हणजे सवाष्ण, होते. देवीला दरसाल हिरवा चुडा परत मिळतोय. तिच्या डोंगरावर जाऊन उदो म्हणणाऱ्या आपल्या बायकांना मात्र जन्मभर नाही.

निपाणीकर
काकू, देवीचा नवरा जिवंत होतो, म्हणून ती अहेव. तो दाखला इथं बसत नाही. बाकी तागडीचं म्हणणं मान्य.

खानापूरचा मास्तर
ठरावाबद्दल दोन शब्द. त्याच डोंगरावर पोरी देवाला सोडायची चाल होती. कर्नाटकानं १९८२ मध्ये बंदीचा कायदा केला. चाल एका दिवसात गेली नाही हे खरं, पण ज्या आईबापाला पोरगी सोडायची नव्हती त्याला भावकीपुढं सांगायला एक आधार मिळाला: "कायदा आहे, मी काय करू?" ठरावाचा उपयोग मला तेवढाच दिसतो, आणि तो थोडा नाही.

१९५१ मध्ये मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी केलेला प्रयोग मी वर्गात सांगतो. समोर रेघा, कुठली कुठल्या रेघेएवढी ते डोळ्यांना स्पष्ट दिसतंय. पण आधीची सगळी माणसं ठरवून चुकीचं उत्तर देतात. अशा फेऱ्यांत खऱ्या परीक्षार्थींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं घोळक्यासारखीच चुकली. मात्र घोळक्यातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, की चुका एकदम घसरायच्या. तुमच्या घरात तो एकजण कोण, ते शोधा. ते काम वैनींवर टाकू नका.

येळ्ळूरची लेक
निपाणीकर दादा, तुमचा पहिला प्रश्न लागला. मी खरंच विचारलं नव्हतं. काल फोन केला. वैनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू बोलवून मी सोप्यात येणार नाही. तू दोन दिवसांनी सासरी जाशील, मला इथंच राहायचं आहे. आत्यांनी सगळ्यांदेखत कुंकू लावलं तर बसेन."

आत्या म्हणजे माझी आई. तिला अजून सांगितलेलं नाही.

निपाणीकर
आईंना फोनवर सांगू नका. घरी जाऊन, शेजारी बसून सांगा. आणि थोरल्या काकूंनाही तेव्हाच बोलवा, "मला चालतंय" हे त्यांनी आईंच्या तोंडावर म्हणायला पाहिजे. ठरावाबद्दल माझं मत आहे तेच आहे.